माश्यांचं माहेर

आमच्या घराण्यात माश्या मारणारे बरेच होऊन गेले. थोरले चुलते पारावर बसून मारायचे. मी निवृत्त झाल्यापासून घरच्या ओट्यावर मारतो. पण माश्या पाळणारी, आणि त्याचा दरमहा पगार घेणारी, आमची पुतणी पहिलीच.

पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत ती कीटकांच्या विभागात लागली तेव्हा भावानं अर्ध्या जामखेडला पेढे वाटले. नोकरी नेमकी कसली हे मात्र कुणाला सांगितलं नाही, कारण त्यालाही ते नीट कळलं नव्हतं. ते फुटलं आष्टीची मंडळी तिला बघायला आली त्या दिवशी. पोहे झाले, चहा झाला, मुलाच्या मामांनी लोडाला पाठ टेकली आणि मुद्द्याला हात घातला.

“मुलगी करते काय?”

“माश्यांचं बघते,” भाऊ म्हणाला.

“वा वा! आमच्याकडंबी शेततळं हाय की. रोहू सोडलाय, कटला सोडलाय.”

“मासे नव्हं. माश्या.”

“मधमाश्या? मग तर लईच बेस. पेटीमागं अनुदान किती बसतं?”

भावानं माझ्याकडं बघितलं. मी आढ्याकडं बघितलं. शेवटी पुतणीच बोलली. “त्या मध देत नाहीत मामा. चावतात आणि रक्त पितात. वाळूमाशी म्हणतात त्यांना, सँडफ्लाय. आम्ही त्यांच्याकडून अंडी घालून घेतो, अळ्या वाढवतो, त्यांच्या माश्या झाल्या की परत अंडी घालून घेतो.”

“आणि मग?”

“मग परत अळ्या.”

मंडळी ‘कळवतो’ म्हणून उठली. त्याला दोन वर्षं झाली. अजून कळवतायत.

आता वाळूमाशी हा शब्द पुण्यात कसा ऐकू येतो कुणास ठाऊक. आमच्या तालुक्यात वाळू म्हटलं की आधी सीना नदी आठवते, मग लिलाव, मग रात्रीचे डंपर आणि डंपरच्या मागं तहसीलची जीप. त्यामुळं वाळूमाशी म्हणजे वाळूच्या धंद्यावर पोसलेला कुणीतरी इसम, असाच माझा समज झाला होता. पुतणीनं तो दूर केला. ह्या माशीचं आणि नदीच्या वाळूचं काही देणंघेणं नाही. रंग वाळूसारखा पिवळट, एवढंच. राहायला हिला लागतात भिंतीच्या भेगा, अळ्यांना लागते ओलसर माती, शेण, कुजका पालापाचोळा. डासाच्या पोरांना पाणी लागतं, हिच्या पोरांना नुसती ओल पुरते. दुष्काळी भागाला साजेशी काटकसर.

अंगानं म्हणाल तर दोन-तीन मिलिमीटर. राजगिऱ्याच्या दाण्याला पंख फुटावेत तशी. अंगभर केस, पंखांवरसुद्धा केस. बसली तरी पंख मिटत नाही, पाठीवर उभे धरून बसते. उडते म्हणायचं म्हणून. एरवी टुणटुण उड्याच मारते, आणि टेबलफॅन लावला तरी तिचा निभाव लागत नाही. पण साध्या मच्छरदाणीच्या भोकातून सहज आत येते, आणि येताना आवाज करत नाही. डास निदान कानाशी येऊन नोटीस बजावतो. हिची तशी पद्धत नाही. हिच्या एका जातीचं शास्त्रीय नाव पापाटासी. ते इटलीतल्या लोकांच्या बोलीतून आलं. अर्थ, मुकाट खाणारी. स्कोपोली नावाच्या शास्त्रज्ञानं १७८६ साली ते कायमचं करून टाकलं. मुकाट खाणाऱ्याचं नाव शोधायला इटलीपर्यंत जावं लागलं याचं मला नवल वाटलं. आमच्याकडच्या दुष्काळी कामांची जुनी मस्टरं चाळली असती तर अशी नावं पानोपानी मिळाली असती.

आणि चावते फक्त मादी. नर साखरपाण्यावर असतो. हे ऐकून भाऊ काही बोलणार होता, पण वहिनी तिथंच गहू निवडत बसल्या होत्या.

पुतणीनं एकदा व्हिडिओ कॉलवर माझ्या आईला माश्यांची खोली दाखवली. आई ऐंशीच्या पुढची, पण नजर शाबूत. त्या खोलीत बारा महिने तेरा काळ २६ ते २८ अंश, हवेत ७०-८० टक्के ओल. इकडं मे महिन्यात आमच्या पत्र्याखाली माणसाच्या लाह्या होत असताना तिकडं माश्यांना महाबळेश्वर. अळ्या राहतात त्या डब्यांच्या बुडाला प्लास्टर ऑफ पॅरिसचा थर, म्हणजे तो पाणी पिऊन बसतो आणि हळूहळू ओल सोडतो. अंडी घालायला माद्या एकेकट्या ठेवायच्या बाटल्या वेगळ्या, नव्या माश्यांचे जाळीचे पिंजरे वेगळे, साखरपाण्याचा कापसाचा बोळा रोज ताजा.

“बाळंतिणीची खोली हाय म्हण की,” आई म्हणाली. “शेगडी तेवढी दिसंना.”

मग निघाला अळ्यांच्या जेवणाचा विषय. सशाच्या लेंड्या आणि सशाचंच खाद्य एकत्र कालवायचं, भिजवायचं, आठवडेच्या आठवडे कुजत ठेवायचं, मग वाळवायचं, मग दळायचं, मग चाळायचं. आई हे सगळं अत्यंत गंभीरपणे ऐकत होती. पाककृती पुरी झाल्यावर तिनं एकच विचारलं, “दळण कुठं टाकता?” तिच्या डोळ्यांपुढं पुण्यातली एखादी पिठाची गिरणी उभी राहिली असणार, आणि रांगेत हिच्या मागं उभी असलेली ज्वारीवाली बाई. घरचाच मिक्सर आहे, फक्त त्याच कामाचा, हे ऐकल्यावर तिचा जीव भांड्यात पडला.

बरं, एवढं करून त्या जगतात का? तर नाही. खाणं चिमूटभर जास्त पडलं की त्यावर बुरशी चढते आणि बारक्या अळ्या त्या जाळ्यात गुंतून मरतात. कमी पडलं की उपासमारीनं मरतात. पाणी जास्त झालं की बुडून मरतात, कमी झालं की सुकून मरतात. शिवाय डोळ्याला न दिसणाऱ्या गोचिडांसारखे माइट नावाचे प्राणी डब्यात शिरले की सगळं मुसळ केरात. मादीला अंड्यांसाठी रक्त लागतं, म्हणून उंदीर किंवा हॅमस्टर पाळायचे, त्यांना गुंगी देऊन पिंजऱ्यात ठेवायचं, आणि त्याआधी प्राण्यांच्या नीतिसमितीची लेखी मंजुरी घ्यायची. म्हणजे पुण्यात माशीला उंदीर चावायचा असला तर फाईल फिरते. रक्त प्यायली की काही दिवसांनी पन्नाससाठ अंडी घालते, आणि बहुतेकजणी त्यातच संपतात. अंड्यापासून माशी व्हायला सहा ते आठ आठवडे. तेवढ्यात आमच्याकडचा मूग फुलून शेंगेवर येतो, आणि मुगाला कुणी रात्री दोन वाजता उठून थर्मामीटर लावत नाही.

हिनं मात्र लावलेलं आहे. मध्यंतरी एकदा रात्री फोन आला. आवाज बसलेला. “काका, वसाहत बसली. दुसऱ्याच पिढीत.” घरातलं कुणी गेल्यासारखी मुसमुसत होती. मी चाळीस वर्षं मास्तरकी केली, नापासांचं सांत्वन केलं, बदलीवाल्यांचं केलं, पण माश्या मेल्याबद्दल काय म्हणतात हे मला माहीत नव्हतं. “देवाची मर्जी,” म्हणालो. ती म्हणाली, “देवाची नाही, ह्युमिडिफायरची.”

कशासाठी एवढा आटापिटा, असं मी तेव्हाच विचारलं. नेहमीसारखी ती हसली नाही.

१९६५ साली नागपुरात तापाची साथ होती. डेंगी की चिकुनगुनिया, याचा तपास करायला पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरची माणसं गेली होती. तीच आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. तिथल्या भट्ट आणि रॉड्रिग्ज यांना दोघा रुग्णांच्या रक्तात भलताच विषाणू सापडला. नागपूरकडच्याच चांदीपुऱ्याचं नाव त्याला दिलं. पुढं औरंगाबादेकडं धरलेल्या वाळूमाश्यांमध्येही तो निघाला. म्हणजे आमच्या जामखेडपासून एसटीनं निम्म्या दिवसाच्या वाटेवर. तरी कितीतरी वर्षं तो पुस्तकातच पडून होता. मग २००३ च्या पावसाळ्यात आंध्रात ३२९ मुलं आजारी पडली आणि त्यातली १८३ गेली. ताप, झटके, बेशुद्धी, आणि कित्येक घरांत दोन दिवसांच्या आत सगळं संपलेलं. त्या साली महाराष्ट्रातही तो होता. २००७ ला विदर्भात, २०२४ ला गुजरातेत. लस नाही, नेमकं औषध नाही. ‘माशी हातात नसली तर आम्ही तपासायचं काय, काका?’ असं ती म्हणाली, आणि मी टेबलफॅन बंद केला. का केला, मलाही सांगता यायचं नाही.

आता भेगेतून धरून आणलेली माशी चालत नाही का? काही प्रयोगांना नाही चालत. ती आधी कुणाला चावून आली, काय पिऊन आली, अंगात काय घेऊन आली, कशाचाच भरवसा नसतो. तिथं पाहिजे कोरी माशी. सात पिढ्यांची चौकशी झालेली, घरंदाज. आष्टीच्या मामांनी केली नसती एवढी चौकशी. अशाच पाळलेल्या माश्यांवर टेश आणि मोदी या जोडीनं १९८३ साली दाखवलं की हा विषाणू मादीकडून तिच्या अंड्यांत उतरतो. म्हणजे तलाठ्याकडं न जाता वारसाची नोंद. पुढं २००५ साली पुण्याच्या संस्थेतल्या मावळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की तो नराकडून मादीलाही जातो. चावतच नाही म्हणून साखरपाण्यावर सुटलेला नर, तोही निर्दोष नाही! असले प्रयोग करायचे तर कोषातून बाहेर पडल्या पडल्या नर एका पिंजऱ्यात, माद्या दुसऱ्या पिंजऱ्यात करावे लागतात. एक चुकार नर इकडचा तिकडं गेला की महिन्याची मेहनत वाया. मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टरबाई असतात, तशी आमची पुतणी तिथं उभी असते, असं मी समजतो.

आईला ह्यातलं फारसं रुचलं नाही. तिला आवडली ती मनुकांची गोष्ट. काळा आजार म्हणून एक रोग आहे, बिहार-बंगाल-आसामकडचा. तोही वाळूमाशीच पसरवते असा साहेबांना १९२० च्या दशकात दाट संशय होता. माशीच्या पोटात रोगाचे जंतू दिसत होते. पण तीच माशी पुन्हा चावली की रोग काही व्हायचा नाही. वर्षामागून वर्षं गेली, आयोग बसले, माश्या आणि माणसं दमली. शेवटी स्मिथ, हलदार आणि अहमद यांच्या लक्षात आलं की आपण माशीला रक्तावर रक्त पाजतोय, तिथंच चुकतंय. एकदा रक्त झाल्यावर त्यांनी तिला मनुका खायला दिल्या. त्या गोडाधोडावर पोटातले जंतू असे फोफावले की माशीचा घसाच तुंबला, आणि पुढच्या चाव्याला ते बाहेर पडले. त्याच वाटेनं १९४२ साली स्वामीनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी पाच स्वयंसेवकांवर प्रयोग करून गुन्हा शाबीत केला.

“म्हंजी मनुका नव्हत्या म्हणून अडलं व्हतं,” आई म्हणाली. तिच्या मते जगातल्या बहुतेक गोष्टी खाण्यापिण्याच्या आबाळीनं अडतात, आणि इथं तर साहेबानंच ते लिहून ठेवलेलं.

गेल्या श्रावणात पुतणीचा फोन आला. नवी वसाहत सुरू करायची होती, वेगवेगळ्या गावांतल्या माश्या धरायच्या होत्या, आणि तिच्या साहेबांनी कुठला गोठा ओळखीचा आहे का विचारल्यावर हिनं आजीच्या गोठ्याचं नाव दिलं होतं. संध्याकाळी जीप आली. सरकारी पाटी, मागं पेट्या, बॅटऱ्या, दोन तंत्रज्ञ आणि ही. जीप आमच्या बोळाच्या तोंडाशी लागली तेव्हा कट्ट्यावरच्या कुणीतरी ड्रायव्हरला विचारलं, कशाचं पथक? ड्रायव्हरच्या तोंडात गुटखा होता. “वाळू” एवढंच स्पष्ट आलं. ‘माशी’ आत राहिली.

पुढच्या दहा मिनिटांत आमच्या बोळातले तीन ट्रॅक्टर आणि एक डंपर असे नाहीसे झाले की चाकांच्या खुणासुद्धा कुणी पायानं पुसल्या असाव्यात. एक ट्रॉली कडब्याच्या गंजीखाली गेली. त्या रात्री सीनेच्या पात्रात बेडकांखेरीज कुणाचा आवाज नव्हता म्हणतात. पर्यावरणाचं एवढं काम एका रात्रीत, तेही दोन मिलिमीटरच्या प्राण्याच्या नावावर, तालुक्यात पूर्वी झालेलं मला आठवत नाही.

रात्री गोठ्यात दिव्याचे सापळे टांगले. खरी गंमत पहाटे पाचला. माशी दिवस उजाडायच्या आत पोट भरून भिंतीला विसावते, तेव्हा तिला धरायची. त्यासाठी एक काचेची नळी असते, तिला मागं रबरी नळी, मध्ये जाळीचा तुकडा. बॅटरीच्या उजेडात माशी दिसली की काचेचं तोंड तिच्यावर धरायचं आणि रबरी टोकातून तोंडानं हलकेच श्वास ओढायचा. माशी नळीत. जाळी नसती तर घशात. आमची एम.एस्सी. झालेली पुतणी दोन गाई, एक म्हैस आणि दोन शेळ्या यांच्या मधून, शेणात पाय रोवून, इंचाइंचानं भिंत ओढत निघाली होती. शेजारच्या घरातून धारेला उठलेल्या एकीनं ते बघितलं, तशीच आत पळाली आणि नवऱ्याला म्हणाली, “पोरगी भिंत पितीया!” उजाडेपर्यंत गोठ्याच्या दारात वीसेक माणसं जमली.

मी मात्र बघत होतो पुतणीच्या चेहऱ्याकडं. दगडमातीच्या त्या भिंतीत, गव्हाणीच्या वर, हातभर लांबीची एक भेग आहे. आमच्या आजोबांच्या वेळची. तिथं ती थांबली, बॅटरी आत मारली, आणि देवळात गाभाऱ्यापुढं थांबावं तशी थांबली. “काका,” ती कुजबुजली, “काय सुंदर भेग आहे हो!” आत अंधार, खाली ओल, शेजारी शेण, दारात जनावर. तापमान तिनं मोजलं: २७ अंश. कुणी सेट केलेलं नाही. ह्युमिडिफायर नाही, दळण नाही, नीतिसमिती नाही. पुण्यात जी वसाहत दुसऱ्या पिढीत बसते ती इथं आजोबांपासून नांदतेय. तिच्या डोळ्यांत कौतुक जास्त होतं की हेवा, सांगणं कठीण.

गर्दीतून वाट काढत आमच्या गल्लीतल्या मावशी पुढं आल्या. ह्या मावशी पंचवीस वर्षं ग्रामआरोग्यसेविका होत्या, डॉक्टर आरोळे पती-पत्नींच्या प्रकल्पात. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला काम सुरू केलं. ज्यांना सही येत नव्हती, ज्यांच्यातल्या कित्येकींना गावच्या पाणवठ्यावर उभं करत नव्हते, अशा बायकांच्या हातात त्यांनी गावाचं आरोग्य दिलं. १९७९ चा मॅगसेसे मिळाला तेव्हा जामखेड कुठं आहे हे पुण्याच्या लोकांनी नकाशावर शोधलं असेल. गर्दीतल्या बाकीच्यांनी पुतणीला पगार किती, ह्याला परमिट लागतं का, असलं विचारलं होतं. मावशींनी नळी उजेडाला धरली, डोळे बारीक केले आणि विचारलं, “पोट भरल्याल्या किती?”

तंत्रज्ञ चपापला. पुतणी सावरून बसली. तिच्या साहेबांनीही पहिला हाच प्रश्न विचारला असता. दोघी उकिडव्या बसून मोजू लागल्या. एकूण सत्तेचाळीस, त्यात माद्या एकोणतीस, पोट लाल असलेल्या अकरा. जात कुठली हे पुण्याला गेल्यावर ठरणार. मुंडकं कापून, सूक्ष्मदर्शकाखाली घसा तपासून. एका प्रकारच्या माशीला म्हणे घशातच दातांची ओळ असते, आणि ती माणसापेक्षा पालीला जास्त चावते.

“पालीलाबी कुणीतरी चावतंय,” आई म्हणाली. “बरंच हाय.”

पण सत्तेचाळीस हा आकडा आईनं नीट ऐकला होता. “बाकी गावात किती घावल्या?” कुणी सांगितलं, कालच्या गोठ्यात नऊ, परवाच्या पक्क्या गोठ्यात एक. आईनं पदर सारखा केला. शेजारीणबाईंकडं एक नजर टाकली. आमच्या गोठ्याचं दूध, आमच्या गोठ्याचं खत आणि आता आमच्या गोठ्याच्या माश्या. मावशी तिला समजावत होत्या, अहो हे चांगलं नव्हं, भेगा लिंपून घ्या, शेण लांब टाका, लेकरं इथं निजवू नका. आई मान डोलवत होती, पण ऐकत होती असं मला वाटलं नाही.

निघताना पुतणीनंही तेच सांगितलं. “आज्जी, आता ती भेग बुजवून टाक. आजच. सिमेंट भर.”

“आन् पुढल्या बारीला काय नेशील?” आईनं विचारलं.

पुतणीला उत्तर सुचलं नाही. ओला टॉवेल गुंडाळलेली माश्यांची पेटी मांडीवर घेऊन ती जीपमध्ये बसली. ड्रायव्हरनं काचा वर घेतल्या, वारा लागायला नको म्हणून. तेवढ्यात आई घरात जाऊन लगबगीनं परत आली आणि काचेवर टकटक केलं. काच खाली आली. आईनं कागदाची एक पुडी आत सरकवली. सत्यनारायणाला आणलेल्या मनुका उरल्या होत्या.

“तुला नव्हं,” ती म्हणाली. “त्यास्नी.”